चाकूचे दाते जपा, पण दात्यांच्या भरवशावर खरेदी करू नका

वाचकाचे पत्र, थोडक्यात: आठ वर्षांपासून घडीचे चाकू जमवतो आहे. अकरा आहेत, त्यांतले पाच अर्धदातेरी पात्याचे: बुंध्यावर एटीएस-55 असा पोलादाच्या नावाचा ठसा असलेला स्पायडर्को एन्ड्युरा, डब्यासकट बेंचमेड 800एस, जर्मन सैन्याच्या नमुन्याचा व्हिक्टोरिनॉक्स, सीआरकेटीचा एम16 आणि एक बिननावाचा. एक विक्रेता म्हणतो, कंपन्या अर्धदातेरी पाती बंद करत आहेत, पुढे भाव चढणार, मिळतील तेवढी घेऊन ठेवा. चाकूवाला एक मित्र म्हणतो, दाते घासून पाते साधे करून घे, तरच विकले जाईल. शिवाय दोन चाकूंचे दाते बोथट झालेत. धार लावून घेऊ की तसेच ठेवू?

उत्तर

नमस्कार,

दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. विक्रेत्याचे ऐकलेत तर न खपणारा माल घरात साठेल. मित्राचे ऐकलेत तर हातातल्या दोन चांगल्या वस्तू कायमच्या बिघडतील, आणि घासलेले पोलाद परत येत नाही.

पहिल्यांदा बाजाराचे बोलू. अर्धदातेरी पात्यावर दोन धारा असतात. टोकाकडे सरळ, मुठीकडे दातेरी. खिशातल्या चाकूचे पाते साधारण 75 ते 95 मिलिमीटर लांब असते आणि त्यातला तिसरा हिस्सा ते निम्मा भाग दात्यांना जातो. जाड दोर, पट्टा, ओला सुंभ कापताना दाते खरोखर कामाला येतात. दात्यांची टोके दोराला आधी भिडतात, आणि खोबणींच्या आतली धार टणक पृष्ठभागावर आपटत नसल्यामुळे बराच काळ टिकते. म्हणूनच 1990 च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे बहुतेक कारखाने एकाच मॉडेलची साधी आणि अर्धदातेरी अशी दोन्ही पाती काढत. काही दुकानांत तर अर्धदातेरीच पुढे मांडलेली असायची.

अडचण वापरात कळते. लाकडाची खुंटी तासायची असो की फळ सोलायचे असो, हाताचा जोर आणि ताबा सगळ्यात जास्त मिळतो तो मुठीलगतच्या भागात, आणि नेमके तिथेच दाते बसवलेले असतात. सरळ धारेला उरतात जेमतेम 40-50 मिलिमीटर. सपाट दगडावर दात्यांना धार लावता येत नाही, त्यामुळे पाते बोथट झाले की घरच्या घरी धार काढणारा माणूस वैतागतो. पुढे पोलाद सुधारले. एस30व्ही हे पोलाद 2001 मध्ये आले आणि तशी आणखी पोलादे नंतर आली. साधी धारच जास्त दिवस टिकू लागली, घरी धार काढायची चांगली साधने मिळू लागली आणि गिऱ्हाईक साध्या पात्याकडे वळले. कंपन्यांनी अर्धदातेरी पाती कमी केली याचे कारण हे आहे.

विक्रेत्याच्या बोलण्यातला अर्धाच भाग खरा आहे, तो इथे दिसतो. पाती बंद होत आहेत हे बरोबर. पण ती मागणी आटल्यामुळे बंद होत आहेत, आणि तीच आटलेली मागणी जुन्या मालाच्या बाजारातही तुमच्यासमोर उभी राहते. शिवाय गेल्या दोन-तीन दशकांत असे चाकू ढिगाने बनले. त्यामुळे आज एकाच मॉडेलचे, एकाच अवस्थेतले दोन चाकू शेजारी ठेवले तर बहुतेक वेळा अर्धदातेरी थोडा स्वस्तात जातो आणि विकायला जास्त दिवस लागतात. हे स्वतः पडताळून पाहा. मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीची बघा. एका मॉडेलच्या साध्या आणि अर्धदातेरी अशा प्रत्येकी आठ-दहा विक्रींची नोंद करा. अवस्था, डबा, पोलाद सारखे असलेलेच व्यवहार जोड्या लावून तोला, आणि वस्तू किती दिवस पडून होती तेही लिहा. वहीचे एक पान भरले की पुढचा अंदाज विक्रेत्यावर सोडायची गरज उरत नाही.

आता अपवाद, कारण तुमच्या पाचांपैकी निदान एक चाकू अपवादांत मोडतो.

सर्वांत पक्का अपवाद म्हणजे ज्या नमुन्यात दाते मुळातच आहेत. जर्मन सैन्याला 2003 पासून मिळालेला व्हिक्टोरिनॉक्सचा एका हाताने उघडणारा चाकू आणि स्वित्झर्लंडच्या सैन्याचे 2008 चे मॉडेल, दोन्ही 111 मिलिमीटर मुठीचे आणि दोघांचे मोठे पाते अर्धदातेरी. त्यांचे दाते मुठीकडे नसून टोकाकडच्या भागात आहेत आणि सरळ धार मुठीजवळ ठेवली आहे, म्हणजे वर सांगितलेली अडचण त्यांनी रचनेतच टाळली. इथे ‘साधे पाते असते तर’ हा प्रश्नच येत नाही. दाते नसलेला किंवा दाते झिजलेला तुकडा या संग्रहात अपुरा ठरतो.

दुसरा अपवाद पूर्ण मालिका जमवणाऱ्यांचा. एखाद्या मॉडेलची साधी, अर्धदातेरी, पूर्ण दातेरी, काळ्या लेपाची, चकचकीत अशी सगळी रूपे ज्याला हवी आहेत, तो रिकाम्या राहिलेल्या एका खान्यासाठी मोकळ्या हाताने पैसे देतो. पण असे गिऱ्हाईक एका वेळी एखाद-दुसरेच असते. त्याचा खाना भरला की पुढचा उगवेपर्यंत वाट पाहावी लागते. या भरवशावर एक चाकू घेणे ठीक, दहा घेणे नाही.

तिसरा, थोड्या संख्येने निघालेली पोलादाची किंवा मुठीच्या रंगाची खास आवृत्ती. ती कमी निघाली होती हे डब्यावरच्या लेबलावरून आणि त्या काळच्या कंपनीच्या कॅटलॉगवरून सिद्ध व्हायला हवे. विकणाऱ्याच्या तोंडच्या ‘फार थोडे बनले’ला मोल नाही.

स्पायडर्कोबद्दल एक वेगळी गोष्ट. गोल्डन, कोलोराडो इथल्या या कंपनीचा 1981 चा पहिला घडीचा चाकू, वर्कर, पात्यातले गोल भोक, मुठीवरची क्लिप आणि दातेरी धार यांसाठी ओळखला जातो. त्यामुळे दातेरी धारेवर प्रेम करणारे संग्राहक या नावाभोवती आहेतच. पण त्यांचा ओढा पूर्ण दातेरीकडे असतो. अर्धदातेरी तिथेही मधल्यामध्ये अडकते. साध्या धारेवाला ते घेत नाही आणि दात्यांचा चाहताही पहिली पसंती देत नाही.

तुमच्या चाकूंकडे वळण्याआधी अक्षरांचा घोळ सोडवू, कारण खरेदीतल्या निम्म्या चुका त्यातून होतात. ‘एस’ हे अक्षर स्पायडर्कोच्या क्रमांकात पूर्ण दातेरी धार दाखवते, तर बेंचमेडच्या क्रमांकात अर्धदातेरी. स्पायडर्कोत साध्या धारेला ‘पी’ आणि अर्धदातेरीला ‘पीएस’. म्हणजे सी10पी हा साधा एन्ड्युरा, सी10एस पूर्ण दातेरी, सी10पीएस अर्धदातेरी. त्यापुढची अक्षरे मुठीचा किंवा पात्याचा रंग सांगतात. बेंचमेडमध्ये 551 साधा, 551एस अर्धदातेरी, 551एसबीके अर्धदातेरी आणि काळ्या लेपाचा. एमर्सनमध्ये ‘एसएफएस’ आणि ‘बीटीएस’ यांतला शेवटचा ‘एस’ दात्यांचा. कर्शॉच्या क्रमांकाला ‘एसटी’ जोडलेले असले की दाते आले. मायक्रोटेकचा हिशोब आकड्यांचा आहे. क्रमांकाच्या शेवटी 1, 2, 3 म्हणजे काळ्या पात्याची अनुक्रमे साधी, अर्धदातेरी आणि पूर्ण दातेरी धार. 4, 5, 6 म्हणजे सॅटिन (बारीक रेघांच्या, चमकत्या) पात्यावर हाच क्रम आणि 10, 11, 12 म्हणजे स्टोनवॉशवर (दगडांत घोळवलेल्या पात्यावर). (मायक्रोटेकचे बरेच चाकू बटणाने आपोआप उघडणारे आहेत. असे चाकू बाळगण्यावर किंवा टपालाने मागवण्यावर अनेक देशांत बंदी आहे. घेण्याआधी आपल्याकडचा कायदा वाचा.)

हे क्रमांक पाठ करण्याचे कारण असे. डब्यावर ‘एस’ असलेल्या बेंचमेडमध्ये साधे पाते निघाले आणि डबा त्याच चाकूचा असेल, तर दोनच शक्यता उरतात. पाते नंतर बदलले आहे, किंवा कुणीतरी दाते घासून टाकले आहेत. दोन्हींत तो चाकू मूळ राहिलेला नाही.

घासलेले पाते ओळखणे कठीण नाही. दाते काढायचे तर खोबणीच्या तळापर्यंतचे पोलाद उडवावे लागते, म्हणजे मुठीकडच्या भागात पात्याची रुंदी दीड-दोन मिलिमीटरनेही घटू शकते. मग धार सरळ न राहता मुठीजवळ आत गेल्यासारखी दिसते, किंवा सगळे पातेच बारीक केलेले असते आणि बंद चाकूत ते मुठीच्या खोबणीत पोकळ बसते. कॅलिपरने बुंध्यालगत, मध्यावर आणि टोकापासून 20 मिलिमीटरवर रुंदी मोजा आणि त्याच मॉडेलच्या कोऱ्या चाकूशी ताडा. अरुंद पात्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बोलतो. तुमच्या मित्राला दाखवा, की तो सुचवतो आहे ते केल्यावर पुढचा प्रत्येक जाणकार खरेदीदार हे तीन आकडे घेऊन तुमच्याकडे येईल.

आता दाते मूळ आहेत का, हे तपासायची पद्धत. यावर वेळ घालवा, भावातला खरा फरक इथे ठरतो. लागणारी साधने एवढीच: दहापट भिंग, लहान टॉर्च, कॅलिपर, आणि कंपनीच्या कॅटलॉगमधले त्या मॉडेलचे स्पष्ट चित्र.

पाते आधी स्वच्छ पुसून तेल काढा, कारण तेलाच्या थराखाली घासल्याचे ओरखडे लपतात. दाते मोजा आणि चित्राशी जुळवा. एक मोठी आणि दोन लहान खोबणी अशी रांग असेल तर तिचा क्रम शेवटपर्यंत टिकला आहे का ते बघा. कारखान्यातल्या दात्यांच्या खोबणी सारख्या खोल असतात आणि आतल्या बारीक रेघा सगळ्या एकाच दिशेला जातात. एका खोबणीतल्या रेघा तिरक्या आणि शेजारच्या आडव्या दिसल्या, तर तिथे हाताची सळई किंवा कानस फिरली आहे.

मग पाते उलटे करा. घडीच्या चाकूवर दाते बहुतेक वेळा एकाच बाजूने पाडलेले असतात. मागची बाजू सपाट असते, फार तर केसाएवढी चमकणारी रेघ असते. मागे रुंद उतार दिसला तर कुणीतरी दोन्ही बाजूंनी धार लावली आहे. याने दात्यांची उंची झपाट्याने घटते, आणि ही चूक नवशिके हमखास करतात, कारण सरळ धारेला दोन्हीकडून घासायची हाताला सवय असते.

यानंतर सांधा बघा, म्हणजे सरळ धार संपून दाते सुरू होतात ती जागा. चाकूचा सगळा इतिहास तिथे असतो. कोऱ्या पात्यात सरळ धारेची रेघ दात्यांच्या टोकांच्या रेघेत सहज मिसळते. मालकाने वर्षानुवर्षे फक्त सरळ भागच दगडावर घासला असेल तर तो भाग खाली बसतो, दाते वर राहतात आणि सांध्यावर पायरी तयार होते. दात्यांसकट सगळे पाते दगडावर ओढले असेल तर उलटे घडते. पहिल्या दोन-तीन दात्यांची टोके चपटी होतात. खाचेतून ओढायच्या साधनाने धार लावली असेल तर सगळीच टोके एका पातळीत कापल्यासारखी दिसतात. हा शेवटचा प्रकार सगळ्यांत वाईट.

सर्वांत शेवटी चाकू मिटा. पात्याचे टोक मुठीच्या आत नीट झाकले जाते का? टोक मोडल्यावर धारेच्या बाजूने घासून नवे टोक काढले असेल, तर ते पाठीकडे सरकते आणि मिटल्यावर मुठीबाहेर डोकावते. हा दोष आहेच, शिवाय बोटाला आणि खिशाला धोकाही.

तुमचे पाच चाकू आता एकेक घेऊ.

बेंचमेड 800एस हा तुमच्याकडचा सर्वांत मोलाचा. ख्रिस कॅराची यांनी आखलेला हा चाकू एएफसीके नावाने ओळखला जातो. लायनर लॉक (मुठीतली पट्टी पात्याखाली सरकून उघडे पाते अडवते), पात्यात स्पायडर्कोकडून परवाना घेऊन पाडलेले गोल भोक, आणि बरीच वर्षे उत्पादन बंद. लोक तो या आखणीसाठी मागतात. दात्यांमुळे किंमत साध्या 800 पेक्षा थोडी खाली राहील, पण त्याला मागणी आहेच. लॉक तपासा. पाते उघडल्यावर लायनरची पट्टी पात्याच्या बुंध्याखाली कुठवर सरकते ते बघा. पहिल्या पाव ते अर्ध्या भागात थांबत असेल तर उत्तम. पलीकडच्या पट्टीला टेकत असेल तर झीज फार झाली आहे. पाते वर-खाली हलते का तेही पाहा. बुंध्यावर एटीएस-34 असा ठसा असेल आणि पात्याचा पृष्ठभाग राखाडी, खरखरीत असेल तर गंजाची काळजी जास्त घ्या. त्या पोलादात 14 टक्के क्रोमियम असूनही मण्यांच्या माऱ्याने खरखरीत केलेल्या पृष्ठभागाच्या सूक्ष्म खड्ड्यांत ओल धरते. याचे दाते बोथट असतील तर तसेच राहू द्या. संग्राहकाला बोथट पण मूळ दाते चालतात, नव्याने काढलेले चालत नाहीत. डबा आणि त्यातला कागद जपा. लेबलावरचा ‘एस’ हा या चाकूचा जन्मदाखला आहे.

एन्ड्युरा. एटीएस-55 ठशाचा एन्ड्युरा हा नंतरच्या व्हीजी-10 पोलादाच्या चाकूंआधीचा. तुमच्या चाकूची क्लिप मुठीच्याच प्लॅस्टिकमध्ये ओतलेली आहे का? असेल तर तीच आधी बघा. या क्लिपा मुळाशी तडकतात आणि मोडतात, आणि मोडलेली परत बसवता येत नाही. अखंड क्लिप हा या चाकूच्या किमतीतला सर्वांत मोठा भाग आहे, दात्यांपेक्षाही मोठा. म्हणून तो खिशाला अडकवणे बंद करा. मूठ सॉल्व्हंटने पुसू नका. पाणी आणि साध्या साबणाचा फेस पुरतो. हा चाकू मध्यम भावाचाच राहील, पण अखंड क्लिपचे नग वर्षागणिक कमी होत जाणार, आणि इथे कमी होण्याला अर्थ आहे, कारण जुना एन्ड्युरा मागणारे लोक आहेत.

व्हिक्टोरिनॉक्सबद्दल एकच मुद्दा: तो सैन्याला मिळालेला आहे की बाजारात विकलेला? मुठीवरचे चिन्ह बघा. जर्मन सैन्याच्या चाकूवर संघराज्याचा गरुड असतो. तोही नागरी बाजारासाठी निघालेल्या नगांवर दिसू शकतो, म्हणून नुसत्या गरुडावर विश्वास ठेवून जास्त पैसे देऊ नका. सोबतची कागदपत्रे किंवा खात्रीची मालकी नसेल तर तो नागरी समजूनच भाव धरा. याची टोकाकडची धार दगडावर घासू नका. सरळ भागाला धार लावताना दात्यांच्या अलीकडे थांबा, नाहीतर पहिल्या दात्यांची टोके चपटी होतील.

एम16. किट कार्सन यांची आखणी चांगली आहे, पण हे चाकू अर्धदातेरी रूपात मुबलक निघाले आणि आजही सहज मिळतात. याला संग्राहक-मूल्य म्हणावे असे काही चिकटलेले नाही. रोजच्या वापराला ठेवा, हातात घ्या, दोर कापा. असे चाकू वापरासाठीच बनतात आणि वापरण्यातच त्यांची खरी किंमत वसूल होते.

बिननावाच्या चाकूवर धार लावायचा सराव करा.

सरावाची पद्धत देतो, म्हणजे एम16 ची धार तुम्ही स्वतः लावू शकाल. निमुळती डायमंड किंवा सिरॅमिक सळई घ्या, जिची जाडी एका टोकाला सर्वांत लहान खोबणीपेक्षा कमी आणि दुसऱ्या टोकाला मोठ्या खोबणीएवढी असेल. खोबणीचा उतार काळ्या मार्करने रंगवा. सळई त्याच कोनात टेकवा आणि बाहेरच्या दिशेने पाच ते आठ हलके झटके द्या. शाई सगळ्या उतारावरून सारखी निघाली तर कोन बरोबर आहे, नुसती कडेची निघाली तर कोन जास्त झाला, वरचीच निघाली तर कमी. सळई खोबणीपेक्षा जाड असेल तर ती शेजारच्या दाताचे टोक खाते, म्हणून प्रत्येक खोबणीला जाडी बदला. उतार असलेल्या बाजूनेच काम करा. मागच्या बाजूला धातूची बारीक कड उमटेल, कारागीर तिला बर म्हणतात. ती काढायला मागची बाजू बारीक सिरॅमिकवर जवळपास सपाट धरून दोन-तीनदा हलकेच ओढा, बस. त्रिकोणी सळया असलेले साधन वापरत असाल तर सळईची कड दात्यांना लावा आणि सपाट बाजू सरळ धारेला. इलेक्ट्रिक पट्टा आणि ओढायची खाच, दोन्ही दात्यांपासून दूर ठेवा.

ही पद्धत 800एस वर मात्र वापरू नका, हात कितीही बसला तरी.

देखभालीत दातेरी पात्याची एक खास अडचण आहे. खोबणीत दोराचे तंतू, पुठ्ठ्याची भुकटी, चिकटपट्टीचा गोंद अडकतो, तो ओल धरून ठेवतो आणि गंजाचे ठिपके आधी तिथेच उमटतात. मऊ दातघासणी, कोमट पाणी आणि भांड्याचा साबण घ्या. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून बांबूच्या काडीने खरवडा. काळ्या लेपावर किंवा खरखरीत पात्यावर धातूचे पॉलिश, स्टील वूल वापरू नका. त्या जागी चमकता डाग उरतो आणि तो जात नाही. पूर्ण वाळल्यावर शुद्ध खनिज तेलाचा इतका पातळ थर द्या की बोट फिरवले तर नुसते ओलसर वाटावे. पिव्होटला, म्हणजे पाते ज्यावर फिरते त्या खिळीला, एक थेंब पुरे. चाकू कातडी पाकिटात कायमचे ठेवू नका. कातडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि त्यात साठलेली ओल पोलादाला खाते आणि पितळी भागांवर हिरवट थर चढतो. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली राहील असे बघा आणि दर तीन महिन्यांनी भिंगाने खोबणी तपासा. पुठ्ठ्याचे मूळ डबे वेगळे, कोरड्या जागी ठेवा; चाकू त्यात कोंबून ठेवायची गरज नाही.

पुढे काय घ्यावे? एखाद्या मॉडेलची पूर्ण मालिका लावत असाल तर त्यातली अर्धदातेरी जरूर घ्या, आणि साध्यापेक्षा कमी किमतीत मागा, कारण विकणाऱ्यालाही ते पडून असल्याचे माहीत असते. वापरायला हवा असेल आणि तुमचे काम दोर-पट्ट्यांचे असेल तर अर्धदातेरी स्वस्तात मिळणे हा तुमचा फायदाच. नुसता भाव चढेल म्हणून घ्यायचा असेल तर त्याच पैशांत त्याच मॉडेलचा साधा, कोरा, डब्यासकट एकच नग घ्या.

एक काम या आठवड्यातच करा. 800एस आणि एन्ड्युरा यांचे फोटो काढा. पात्याच्या दोन्ही बाजू, बुंध्यावरचा ठसा, सांधा जवळून, खोबणी तिरक्या उजेडात, मिटलेल्या अवस्थेत टोक, क्लिपचा मुळाकडचा भाग आणि डब्याचे लेबल. फोटोंच्या शेजारी कॅलिपरचे तीन आकडे आणि तारीख लिहा. हे चाकू कधी विकायला काढलेत, तर घेणारा पहिल्यांदा दाते मूळ आहेत का तेच विचारेल.